कॉम्प्युटरला वॉचमन पाहिजे

आमच्या शेजारच्या नानांनी जन्मात कुणाला न तपासता आत सोडलं नाही आणि न तपासता बाहेरही जाऊ दिलं नाही. माझी तर खात्री आहे, उद्या यमाचे दूत त्यांना न्यायला आले तर नाना आधी त्यांचं नावगाव विचारतील, कुणाला भेटायचंय ते विचारतील, रेडा बाहेर बांधायला लावतील आणि मग आत काकूंना हाक मारून म्हणतील, "दोघं जण आलेत. वरनं पाठवलंय म्हनतात. कागद काय नाय त्यांच्याकडं." सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी सगळी नोकरी काढली आणि हेड वॉचमन म्हणून ते रिटायर झाले. म्हणजे कारखान्यापुरते रिटायर झाले. खाकी कपडे जाऊन बंडी-पायजमा आला आणि कारखान्याच्या गेटच्या जागी आमच्या कॉलनीतलं लोखंडी फाटक आलं, एवढाच काय तो फरक. त्या फाटकाच्या आत दोनच बिऱ्हाडं, एक त्यांचं आणि एक आमचं. तेव्हा ही ड्युटी मुख्यतः कुणाच्या जिवावर चालायची हे वेगळं सांगायला नको.

नाना मूळचे निफाडकडचे, बोलणं अजूनही तिकडचंच. त्यांचा एक सिद्धांत होता. "आत येनारा चोर नसतो मास्तरीण, बाहेर जानारा असतो." मी शाळेत चित्रकला शिकवते म्हणून मी मास्तरीण. या सिद्धांतामुळे येणाऱ्याला ते नुसते न्याहाळत, पण जाणाऱ्याला थांबवत. गॅसवाला रिकामी टाकी घेऊन निघाला की टाकी बोटाने वाजवून बघत. एका दिवाळीत माझी नणंद भाऊबीज करून निघाली, तर नाना फाटकात उभे राहून अगदी गोड आवाजात म्हणाले, "जड दिसती पिशवी." पिशवीत मीच दिलेला चिवडा होता, आणि माझा डबा होता जो तिने परत करायचं नक्कीच मनात धरलं असणार. नणंद एवढी ओशाळली की त्यानंतर कित्येक दिवस ती आमच्याकडे मागच्या दाराने यायची. डबा मात्र दुसऱ्याच दिवशी घरी आला. मी नानांवर चिडायचं की त्यांचे आभार मानायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या लेकीच्या लग्नात तर कहर झाला. लेकीचं नाव काहीही असो, सगळी कॉलनी तिला बेबी म्हणायची. ती कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नोकरीला लागली तरी बेबीच. मुलीचा बाप म्हणून नानांनी बोहल्याजवळ असायला हवं, तर हे मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहून येणाऱ्याकडे पत्रिका मागत होते. आणि बरोबर मुलाच्या बापालाच अडवलं. ते म्हणाले, "अहो, मी नवऱ्या मुलाचा बाप." नाना म्हणाले, "ते आत गेल्यावर कळंल. पत्रिका हाय का?" आता लग्न मोडतं, अशा भीतीने आम्ही बायका जागच्या जागी थिजलो. पण व्याही मनमाडचे, जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासलेले. त्यांनी मुकाट्याने खिशातून स्वतःच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका काढून दाखवली. तिथून त्या दोघांचं जे जमलं ते इतकं की पुढे जावई-सासऱ्यापेक्षा व्याह्या-व्याह्यांचेच फोन जास्त व्हायचे.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं. पण एक गोष्ट नाना अभिमानाने सांगत आणि ती ऐकताना मला कधीच हसू आलं नाही. बेबी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. शाळेतून निकाल घेऊन, वाटेत पेढे घेऊन पोर सायकलवर थेट सातपूरला गेटवर गेली, आधी नानांना सांगायचं म्हणून. नानांनी तिला गेटच्या बाहेर उभं केलं. पास नाही तर आत नाही, आणि ड्युटीवर असताना गेटबाहेर जायचं नाही. शिफ्ट सुटेपर्यंत पोर भिंतीच्या सावलीला उभी. "पोटच्या पोरीला सोडलं नाय," नाना छातीवर हात ठेवून सांगायचे. "मालकाच्या गाडीची डिकी उघडली, आन पोटच्या पोरीलाबी सोडलं नाय." बेबी घरात असली तर ही गोष्ट सुरू झाल्याबरोबर उठून स्वयंपाकघरात जायची.

लग्न होऊन बेबी हैदराबादला गेली. निघताना नाना सवयीने फाटकात उभे होते. तिची बॅग समोरून गेली तसा त्यांचा हात आपोआप बॅगेवर पडला. बेबी रडता रडता म्हणाली, "बघा ना नाना, चेक करा." नानांनी हात काढून घेतला आणि तोंड फिरवलं. बाहेर जाणारं माणूस न तपासता सोडलं असं ते एकदाच.

मागे राहिला तो तिचा कॉम्प्युटर. शालिमारजवळच्या एका दुकानातून सुटे भाग आणून तिने जोडून घेतलेला, पिवळट पडलेला, पंख्याचा आवाज असा की आत कुणीतरी गिरणी लावलीय. नानांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी रोज दुपारी ते तो चालू करून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत. कारण बेबीने कॉलेजात असताना गंमत म्हणून त्यात एक छोटासा प्रोग्रॅम करून ठेवला होता. रोज चारला पडद्यावर एक कप यायचा, हाताने काढल्यासारखा, थोडा वाकडा, आणि बेबीचा आवाज यायचा. "नाना, चार वाजले. चहा घ्या. साखर घालायची नाही." मग मागे कुकरची शिट्टी व्हायची आणि बेबी घाईघाईने म्हणायची, "अगं आई, थांब ना, रेकॉर्डिंग चालू आहे." आणि संपायचं. नाना पडद्याकडे बघून "बरं" म्हणायचे आणि काकू ते "बरं" ऐकल्यावरच चहाचं आधण ठेवायच्या. हा त्या घराचा नियम. बेबीचा खरा आवाज रविवारी फोनवर यायचा, पण तो घाईतला, संसारातला. हा आवाज घरात राहणाऱ्या बेबीचा होता.

आणि त्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. काकूंच्या भाच्याने कुठल्याशा सीडीवरून गाणी आणून दिली, त्यातून आला. कॉम्प्युटर रांगायला लागला. चारचा चहा सव्वाचारला येऊ लागला. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला, म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. सगळं पुसून नवीन टाकू." नानांनी त्याला शांतपणे विचारलं, "कारखान्यात चोरी झाली म्हनून कारखाना पाडतात का?" आणि जाताना त्याची हत्यारांची पिशवी तपासली.

मग मी आले. मला कॉम्प्युटर येत होता असं नाही. शाळेने एकदा कुणालातरी संगणकाच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं आणि बाकी सगळ्यांनी आधीच कारणं सांगून टाकली होती, म्हणून चित्रकलेची बाई गेली. एवढ्या भांडवलावर मी कॉलनीतली तज्ज्ञ. मी नानांना म्हटलं, अँटिव्हायरस टाकावा लागेल. ते काय असतं? मी म्हटलं, कॉम्प्युटरचा वॉचमन. हा शब्द तोंडातून गेला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नाना खुर्चीत ताठ बसले. रिटायर झाल्यापासून त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता. "मंग मुलाखत मी घेनार," ते म्हणाले.

विकतचा अँटिव्हायरस पेन्शनीत परवडणारा नव्हता, पण फुकटचे मिळत होते. फुकट म्हटल्यावर नाना आधी सावध झाले. "फुकटात ड्युटी करतो, मंग खातो कुठनं? ते आधी बघ." दुसरा प्रश्न, वजन किती? म्हणजे मेमरी किती खातो, हे मी समजावून सांगितलं होतं. बेबीचा कॉम्प्युटर जुना, त्यात मेमरी चिमूटभर. नानांना ते तंतोतंत पटलं. "चौकीत जागा एका माणसाची. त्यात पैलवान बसवला तर दार लावायचं कसं?" माझ्या मिस्टरांनी मला विचारलं, "तू नक्की शेजारी काय करायला जातेस?" मी म्हटलं, वॉचमनची भरती चालू आहे.

मी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून एकेक अँटिव्हायरस सीडीवर भरून आणायची आणि नाना त्याला महिनाभर शिकाऊ म्हणून ठेवायचे. पहिला आला तो खरंच पैलवान निघाला. तो कामाला बसला की बाकी सगळं बंद. सकाळी बटण दाबून नाना भाजी घेऊन परत आले तरी पडद्यावर नुसतं घड्याळ फिरत असायचं. दुसरा हलका होता, पण बडबड्या. दर थोड्या वेळाने कोपऱ्यातून डोकं वर काढून सांगायचा की पैसे भरलेत तर मी याहून चांगलं काम करीन. नाना म्हणाले, "ह्यो आत्ताच चहापानी मागतो. काढ ह्याला." तिसरा अगदी गरीब, हलका, गुणी. इतका गुणी की भाच्याची तीच सीडी घातली तरी त्याने मान वर केली नाही. नानांनी मुद्दाम घातली होती, परीक्षा म्हणून. तो व्हायरस काढायला मला एक अख्खा रविवार लागला. नानांना त्याचं काही नाही. त्यांनी तिसऱ्याला "झोपतो" एवढाच शेरा मारून घरी पाठवलं.

मग त्यांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली, ती कारखान्याच्या गेटवर जन्म काढलेल्या माणसालाच सुचू शकते. गेटवर एकटा माणूस कधी ठेवायचा नाही, दोघं ठेवायचे, म्हणजे एकमेकांवर नजर राहते. मी शाळेत गेलेली असताना त्यांनी भाच्याला बोलावून, मी टेबलावर ठेवलेल्या सीड्यांमधले दोन अँटिव्हायरस एकदम बसवून घेतले. मी घरी आले तर काकू फाटकातच उभ्या. "अगं, कॉम्प्युटर नुसता ओरडतोय." आत जाऊन बघते तर दोन्ही वॉचमननी एकमेकांची गचांडी धरलेली. पहिला म्हणतोय दुसरा चोर आहे, दुसरा म्हणतोय पहिला चोर आहे, आणि दोघंही धापा टाकत एकमेकांचं सामान जप्त करतायत. पंखा तर असा भणाणत होता की आता टेबलासकट उडतो. नाना मात्र खुर्चीत बसून समाधानाने बघत होते. "दोघंबी जागे हायत," ते म्हणाले.

हे हसण्यासारखं होतं, आणि हसलो पण आम्ही. खरी अडचण दुसरीच होती. पैलवान असो, बडबड्या असो, झोपणारा असो, एका बाबतीत सगळ्यांचं एकमत. बेबीचा प्रोग्रॅम दिसला की पकडायचे. बरोबरच होतं त्यांचं. कुणी बनवला त्याचा पत्ता नाही, कुठल्या कंपनीचं नाव नाही, आणि दिवसभर गुपचूप कोपऱ्यात बसून घड्याळाकडे बघत राहतो. चोराचं वर्णन याहून वेगळं काय असतं? बाहेरून आलेला व्हायरस न दिसणाऱ्या त्या तिसऱ्यालासुद्धा घरची बेबी तेवढी चोर दिसली. पडद्यावर लाल चौकट यायची, संशयास्पद म्हणून, आणि प्रोग्रॅम उचलून कोठडीत. त्या दिवशी चारला कप यायचा नाही. नाना बसून राहायचे. काकू आतून विचारायच्या, "ठेवू का आधण?" आणि नाना काहीच बोलायचे नाहीत. चहा व्हायचा नाही. मग मला हाक. मी जाऊन कोठडीतून बेबीला सोडवायची, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमन तिला परत पकडायचा.

यावर उपाय अगदी सोपा होता आणि तो मी पहिल्याच महिन्यात सांगितला होता. प्रत्येक अँटिव्हायरसला सांगता येतं की हा आपला माणूस आहे, याला अडवू नकोस. दोन-तीन वेळा क्लिक करायचं, बस. "म्हणजे कायमचा गेट पास समजा," मी म्हटलं. मला वाटलं ही भाषा त्यांना आवडेल. नाना एकदम गंभीर झाले. "न तपासता?" हो, न तपासता. "नाय. ते नाय करायचं. गेटवर वळख चालत नाय. आज पोरीला सोडलं तर उद्या साहेबाच्या मेव्हन्याला सोडाया लागतं. असा मानूस आन, जो तपासंल आन सोताहून म्हनंल, ही पोर चांगली हाय, जाऊ द्या." मी कपाळाला हात लावला. बरं, त्या प्रोग्रॅमची एखादी नक्कल तरी सीडीवर काढून ठेवते म्हटलं, तर म्हणे डुप्लिकेट पास ही सगळ्या चोऱ्यांची सुरुवात. म्हणजे बेबीचा आवाज गेला तर कायमचा जाणार होता, तो राहावा म्हणून म्हातारा रोज जीव टांगणीला लावून बसणार होता, आणि राखायचा जो एकमेव रस्ता होता तो त्याच्या तत्त्वात बसत नव्हता. मला राग यायचा. एकदा मी फणकाऱ्याने म्हटलंसुद्धा, "नाना, तुमचा कारखाना तुम्हाला विसरला असेल एव्हाना." नाना म्हणाले, "विसरू दे." मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गोडाचा शिरा नेऊन दिला आणि त्यांना गोड चालत नाही हे तिथे गेल्यावर आठवलं.

शेवटी एक मिळाला. इवलासा, जागा, तोंड मिटून काम करणारा. भाच्याची सीडी त्याने घातल्या घातल्या पकडली. नानांनी पहिल्यांदाच मान डोलावली. मी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले. तो रविवार होता आणि साडेतीन वाजून गेले होते. आणि लाल चौकट आली. हा जरा कडक होता. कोठडी वगैरे भानगड नाही, सरळ विचारत होता की पुसून टाकू की राहू देऊ. मी माउस धरून नानांकडे बघत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. बेबीचा. काकूंनी स्पीकर लावला, कारण नाना फोनपासून दोन हात लांबून बोलायचे. नानांनी आधी पाऊसपाणी विचारलं, व्याह्यांची चौकशी केली आणि मग तक्रार केल्यासारखं म्हणाले, "तुझा तो चहाचा प्रोग्रॅम पुन्हा पकडला बघ. मानूस चांगला हाय, पन तुला काय सोडत नाय." बेबी हसली. हसत हसतच म्हणाली, "नाना, तुम्ही अजून मला गेटवरच उभं केलंय का हो?"

तिच्या बोलण्यात काही नव्हतं. तिने गमतीने म्हटलं आणि काकूंशी लोणच्याबद्दल बोलायला लागली. नाना मात्र खुर्चीत खाली खाली गेल्यासारखे दिसले. फोन झाला. पडद्यावर ती चौकट तशीच वाट बघत होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी तिनं हात केला व्हता, मास्तरीण. निकालाच्या दिशी. भाइरनं. पेढ्याचा पुडा वर धरून दाखवत व्हती. मला दिसलं." मी माउसवरचा हात काढला. "मी दिसलं नाय असं केलं. ड्युटी व्हती ना." मग त्यांनी पायजम्यावर हात पुसले आणि म्हणाले, "दे पास. कायमचा दे."

मी दिला. दोन-तीन क्लिकचं काम. चौकट गेली. आम्ही तिघं बसून राहिलो, काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि मी घड्याळाकडे बघत होते. चार वाजले. तो वाकडा कप आला, बेबी म्हणाली चहा घ्या, साखर घालायची नाही, कुकरची शिट्टी झाली. नाना "बरं" म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. तो अँटिव्हायरस पुढे कायम झाला आणि नाना त्याला आदराने "जमादार" म्हणायला लागले.

काही वर्षांनी काकूंचे गुडघे गेले आणि बेबी येऊन दोघांना हैदराबादला घेऊन गेली. जायच्या दिवशी नानांनी मला रीतसर चार्ज दिला. किल्ल्या दिल्या, फाटकाची कडी कशी अडकते ते दाखवलं, कॉम्प्युटर माझ्या घरी आणून ठेवला आणि जमादारावर ओरडायचं नाही असं बजावलं. रिक्षा आली तेव्हा फाटकात थांबून त्यांनी आपली बॅग माझ्यासमोर धरली. "बघ. बाहेर जानारा हाय मी." मी बॅगेवर हात ठेवला. तशीच हात ठेवून उभी राहिले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा काढला.

तिकडे त्यांचं बरं चाललंय. बेबीच्या सोसायटीला मोठं गेट आहे आणि त्यावर एक तरुण वॉचमन आहे. नाना रोज फिरून परत आले की तो त्यांना अडवायचा आणि कोणत्या घरी जायचंय ते विचारायचा. बेबीला राग आला, नानांना मुलगा फार आवडला. मागच्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला, तर मला हेच सांगत होते. "लय गुनी पोरगा. मला वळखतो, तरी रोज इचारतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन बेबीनं माझा कायमचा पास करून दिलाय. फोटो लावलेला. खिशातच असतो."

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात माझ्या मागे टेबलावरचा कॉम्प्युटर बोलला. आमच्या घरात कुणी नाना नाही, तरी तो रोज बोलतो आणि मी बोलू देते. नाना, चार वाजले. चहा घ्या. साखर घालायची नाही. कुकरची शिट्टी झाली, बेबीने आईला थांबायला सांगितलं, आणि मग तिकडून, हैदराबादहून, नाना म्हणाले, "बरं."